पॅलेट लाकडी की प्लास्टिकचे? आधी परतीचा हिशेब

पूस नदीकाठच्या पुसद शहराची ओळख कापूस, सोयाबीन, तूर आणि अलीकडच्या काळात हळदीचा परिसर अशी आहे. या परिसरातील माल पिढ्यान्‌पिढ्या पोत्यांतून आणि हमालांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढत आला. मोठ्या शहरांतील खरेदीदार, प्रक्रिया उद्योग आणि निर्यातदार मात्र आता माल 'पॅलेटवर' मागू लागले आहेत. मसाल्याचा छोटा कारखाना, दाल मिल, बियाणे व खतांचे गोदाम किंवा शेतकरी उत्पादक कंपनी चालविणाऱ्यांपुढे त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहतो: पॅलेट लाकडी घ्यावे की प्लास्टिकचे?

दिसायला हा प्रश्न किरकोळ आहे. परंतु शंभर-दोनशे पॅलेट्स घ्यायची म्हटले की लहान उद्योजकाचे काही लाख रुपये त्यात अडकतात. निवड चुकली तर माल भिजतो, त्याला बुरशी लागते, वास लागतो किंवा परदेशातील बंदरावर तो अडकून पडतो. विक्रेत्यांचे सांगणेही परस्परविरोधी असते. प्लास्टिक विकणारा 'एकदा घ्या आणि विसरा' म्हणतो. लाकूड विकणारा 'एका प्लास्टिकच्या किमतीत तीन घ्या' म्हणतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. मात्र या निवडीत लाकूड किंवा प्लास्टिक हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, बाहेर गेलेले पॅलेट परत येणार आहे की नाही, हा आहे.

पाठीवरून फळीवर

पॅलेट म्हणजे माल रचण्याचा, खालून पोकळ असलेला सपाट चौथरा. त्या पोकळीत फोर्कलिफ्टचे किंवा हाताने ओढायच्या हायड्रॉलिक ट्रॉलीचे दोन दांडे शिरतात आणि एक टन माल एकाच वेळी उचलला जातो. ५० किलोची २० पोती म्हणजे एक टन. ती एकेक करून वाहण्याऐवजी एकदाच हलविता येतात, एवढाच या साधनाचा मथितार्थ.

पॅलेटचा प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याने युद्धसामग्रीच्या वाहतुकीसाठी फोर्कलिफ्ट आणि पॅलेट यांचा प्रचंड प्रमाणावर वापर केला. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या या सामग्रीतून पॅलेट भाड्याने देण्याची सामाईक व्यवस्था उभी राहिली. युरोपातील रेल्वे कंपन्यांनी १९६१ मध्ये एकाच मापाचे पॅलेट स्वीकारून ते एकमेकांत बदलून घेण्याची पद्धत सुरू केली. ८०० बाय १२०० मिलिमीटरच्या या 'युरो पॅलेट'मध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. ते सुमारे दीड टन माल पेलते. भरलेले पॅलेट द्यायचे आणि तितकीच रिकामी पॅलेट्स परत घ्यायची, हा त्या व्यवहाराचा आत्मा होता. युरोपात लाकडी पॅलेट दशकानुदशके टिकून राहिले, याचे श्रेय लाकडाइतकेच या परतीच्या शिस्तीला द्यावे लागेल.

महाराष्ट्रात ओझे वाहणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळ्या वाटेने ऐरणीवर आला. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा राज्याचा कायदा १९६९ चा. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीच्या रेट्यामुळे झालेल्या या कायद्याने असंघटित हमालांच्या नोंदणीची, मजुरीची आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या लाभांची व्यवस्था केली. पॅलेटच्या निर्णयातही हा माणूस विसरून चालणार नाही. यंत्राने ओझे उचलले की पाठीवरचा भार हलका होतो, हे खरे. पण ट्रॉली चालविण्याचे काम त्याच हमालांना शिकविले, तरच त्यांचा रोजगार टिकून राहतो.

पॅलेट हवेच का?

निवडीपूर्वी एक साधी परीक्षा करावी. गोदामाची फरशी सपाट व पक्की आहे काय? ट्रॉली किंवा फोर्कलिफ्ट आहे काय? ट्रक लागण्यासाठी ट्रकच्या उंचीचा फलाट आहे काय? आणि माल जिथे उतरणार, तिथे यांपैकी काही आहे काय? या प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, तर पॅलेटवर रचलेला माल पुन्हा हातानेच उतरवावा लागतो. मग पॅलेटचा खर्च होतो, हमाली मात्र वाचत नाही.

कापसाचे उदाहरण बोलके आहे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी रुईची गठाण साधारण १७० किलोची, घट्ट बांधलेली आणि आकाराने आटोपशीर असते. तिला वाहतुकीसाठी पॅलेट लागत नाही; साठवणुकीत जमिनीची ओल लागू नये, एवढेच पाहावे लागते. धान्याच्या थप्प्यांखालीही गोदामांमध्ये लाकडी चौकटी, बांबूच्या चटया किंवा जाड प्लास्टिकचे कापड अंथरण्याची जुनी पद्धत आहे. सोयाबीन किंवा तूर केवळ सहा महिने साठवून शेतमाल तारण कर्ज घ्यायचे असेल, तर महागड्या पॅलेटची गरज नसते. तिथे चौकट हलत नाही, त्यामुळे तिच्यावर फारसा आघातही होत नाही. अशा ठिकाणी साधी, मजबूत लाकडी चौकट पुरेशी ठरते.

लाकडाची बाजू

लाकडी पॅलेटचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते गावात दुरुस्त होते. फळी तुटली तर सुतार अर्ध्या तासात नवी ठोकून देतो. माप बदलून हवे असेल तर तेही जमते. यंत्राच्या जड भागासाठी मधोमध जाड ठोकळा हवा असेल, तर तोही बसविता येतो. लाकडाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर पोती सहसा घसरत नाहीत. पहिली गुंतवणूक कमी लागते, हे तर उघडच आहे.

यवतमाळ जिल्हा सागवानासाठी प्रसिद्ध असला, तरी पॅलेट सागाचे करीत नाहीत. ते परवडणारच नाही. देशात या कामासाठी आयात केलेले पाइन, तसेच निलगिरी, आंबा, बाभूळ, रबर अशी तुलनेने स्वस्त लाकडे वापरली जातात. मात्र लाकूड कायदेशीर मार्गाने आलेले आहे काय, याची चौकशी खरेदीदारानेही केली पाहिजे. खासगी जमिनीवरील अनेक जातींच्या झाडांच्या तोडीवर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार निर्बंध आहेत, लाकडाच्या वाहतुकीसाठीही वन विभागाचे नियम लागू होतात आणि आरा गिरणीला परवाना लागतो. वनक्षेत्राला लागून असलेल्या पुसदसारख्या ठिकाणी बिल आणि वाहतूक परवाना न दाखविता स्वस्तात मिळणारे लाकूड शेवटी महागात पडू शकते.

लाकडाचे दोष त्याच्या स्वभावातच आहेत. ते पाणी शोषते. ओल वीस टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला पोषक स्थिती तयार होते. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले पॅलेट तसेच गोदामात आणले, तर ती ओल पोत्यांपर्यंत पोहोचते. एकाच मापाचे पॅलेट कोरडे असताना पंधरा-वीस किलोंचे असते, तेच भिजल्यावर कितीतरी जड होते. विदर्भात वाळवीचा त्रास आहेच. खिळे वर येऊन पोती फाटतात, कुसळे मालात जातात. या सर्व गोष्टींवर उपाय आहेत. वाळवलेले लाकूड घेणे, वळणदार खिळे वापरणे, पॅलेट छताखाली ठेवणे आणि दर महिन्याला तपासणी करणे, हे ते उपाय. पण त्यासाठी लक्ष देणारा माणूस हवा.

प्लास्टिकची बाजू

प्लास्टिकचे पॅलेट बहुधा एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. ते जवळजवळ पाणी शोषत नाही, त्याला वाळवी लागत नाही, खिळे नसतात आणि ते पाण्याने व साबणाने धुता येते. प्रत्येक पॅलेटचे वजन व माप सारखे असल्याने वजनकाटा, रॅक आणि स्वयंचलित यंत्रणा यांच्याशी त्याचे चांगले जुळते. एकात एक बसणारी हलकी पॅलेट्स रिकामी परत आणताना ट्रकमध्ये फार कमी जागा व्यापतात. परतीचे भाडे ज्याला द्यावे लागते, त्याच्यासाठी हा मोठा फायदा आहे.

तथापि, प्लास्टिक तुटले की गावात दुरुस्त होत नाही. काही प्रकारांत भाग बदलता येतात. बहुतेकांचे भंगारच करावे लागते. 'प्लास्टिक' या एकाच नावाखाली फार भिन्न दर्जाचा माल विकला जातो, हेही ध्यानात घ्यायला हवे. शुद्ध कच्च्या मालापासून बनविलेले आणि मिश्र भंगारातून बनविलेले पॅलेट दिसायला सारखेच असू शकते. दुसऱ्या प्रकाराची किंमत कमी असते. पण ते लवकर तडकण्याची शक्यता अधिक असते आणि खाद्यपदार्थांच्या निकट ते वापरणे योग्य नसते. विक्रेत्याकडून कच्च्या मालाविषयी आणि खाद्यपदार्थांसाठीच्या योग्यतेविषयी लेखी प्रमाणपत्र मागणे हाच त्यावर उपाय.

विदर्भातील उन्हाळा हा आणखी एक मुद्दा आहे. बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात असतो तेव्हा पत्र्याच्या छताखाली त्याहून अधिक उष्णता असते. एवढ्या तापमानात एचडीपीई वितळत नाही. त्यासाठी सुमारे १३० अंश लागतात. पण सततच्या ओझ्याखाली ते हळूहळू वाकते आणि उष्णतेत हे वाकणे वाढते. उन्हात पडून राहिल्यास अतिनील किरणांमुळे ते ठिसूळही होते. म्हणून उन्हाला टिकणारे मिश्रण आहे काय आणि रॅकसाठी आत पोलादी नळ्या घातल्या आहेत काय, हे विचारावे.

भाराचे तीन आकडे

पत्रकावर 'चार टन क्षमता' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. खरेदीदाराची फसगत बहुधा इथेच होते. पॅलेटची क्षमता तीन प्रकारे सांगितली जाते. जमिनीवर स्थिर असताना ते किती भार पेलते, हा पहिला आकडा आणि तोच सर्वांत मोठा. फोर्कलिफ्टने उचललेले असताना किती पेलते, हा दुसरा. आणि रॅकच्या दोन दांड्यांवर, मधे कसलाही आधार नसताना किती पेलते, हा तिसरा; तो सर्वांत लहान असतो. रॅकवर ठेवायचे पॅलेट पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून घेतले, तर ते मधोमध वाकून माल खाली येण्याचा धोका असतो.

थप्पीचाही विचार करावा. एक टनाचे पॅलेट, त्यावर दुसरे आणि त्यावर तिसरे रचले, तर सर्वांत खालच्या पॅलेटवर तीन टन भार येतो आणि त्यावरची पोती दोन टनांखाली दबतात. लाकडी पॅलेटचा भार ठरविताना फळ्यांची जाडी, लाकडाची जात आणि खिळ्यांची संख्या पाहावी लागते. छापील आकडा नसेल, तर नमुन्याच्या एका पॅलेटवर प्रत्यक्ष माल ठेवून आठवडाभर निरीक्षण करावे. एवढी साधी चाचणी पुष्कळ नुकसान टाळते.

हळद आणि वास

पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यातील हळद हा खाद्यमाल आहे. खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेचे नियम कच्चा व पक्का माल जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवण्याची अपेक्षा करतात. तिथे पॅलेट लागतेच. प्रश्न फक्त कोणते, एवढाच उरतो.

धान्य व मसाल्यांच्या साठवणुकीतील एक कुप्रसिद्ध शत्रू म्हणजे खापरा भुंगेरा. त्याच्या अळ्या भेगा, फटी आणि जुन्या पोत्यांच्या शिवणीत लपून दीर्घ काळ अन्नावाचून राहू शकतात. फटी असलेले लाकडी पॅलेट त्यांना आयता आसरा देते. अमेरिका व ऑस्ट्रेलियासारखे देश या किडीबाबत अत्यंत कडक आहेत. जिथे हळद दळली, चाळली किंवा पॅक केली जाते, त्या कक्षात धुता येणारे प्लास्टिकचे पॅलेट हाच सुरक्षित पर्याय ठरतो. पक्क्या पिशव्यांतील हळद खोक्यांत भरून झाल्यावर ती लाकडावर ठेवायला हरकत नसते. मधे पुठ्ठा अंथरला की पुरे.

वासाचा धोका याहून सूक्ष्म आहे. लाकडाला दिलेली काही रसायने बुरशीच्या क्रियेमुळे तीव्र वासाच्या द्रव्यांत बदलतात आणि तो वास मालात उतरतो. जानेवारी २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील मॅकनील कंपनीला अमेरिकेत टायलेनॉलसह अनेक औषधे बाजारातून परत मागवावी लागली. ओलसर, कुबट वासाच्या तक्रारींचा माग लाकडी पॅलेटवर वापरलेल्या रसायनातून तयार झालेल्या द्रव्यापर्यंत पोहोचला होता. बंद बाटलीतील औषधाची ही गत, तर सुगंधावरच किंमत ठरणाऱ्या मसाल्याची काय कथा! वापरलेली, पूर्वी कीटकनाशके किंवा रसायने वाहिलेली लाकडी पॅलेट्स हळदीच्या गोदामात स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

परदेशी जाणारा माल

निर्यातीत लाकडाला एक अट लागू होते. कच्च्या लाकडातून किडी व सूक्ष्मकृमी एका देशातून दुसऱ्या देशात जातात. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आढळलेला आशियाई लांब शिंगांचा भुंगेरा लाकडी वेष्टनांतूनच चीनहून आल्याचे मानले जाते. त्यापायी तिथे हजारो झाडे तोडावी लागली. अशा अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने २००२ मध्ये 'आयएसपीएम १५' हे मानक स्वीकारले.

या मानकानुसार लाकडाची साल काढावी लागते आणि लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग किमान ३० मिनिटे राहील अशी उष्णता प्रक्रिया करावी लागते. मिथिल ब्रोमाइड वायूची धुरीही मानकात मान्य आहे. परंतु हा वायू ओझोनच्या थराला घातक असून युरोपीय संघाने २०१० पासून त्याचा वापर बंद केला. प्रक्रिया झालेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची खूण (भारतासाठी 'आयएन'), उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण उमटविलेली असते. उष्णता प्रक्रियेची खूण 'एचटी' ही दोन रोमन अक्षरे. भारतात हा शिक्का उमटविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांनाच आहे. गावातल्या गिरणीतून पॅलेट बनवून त्यावर असा शिक्का स्वतःच मारणे हा उघड गैरप्रकार होय आणि तो पकडला गेला तर संपूर्ण कंटेनर परत पाठविला जाऊ शकतो.

दुरुस्तीचाही नियम आहे. शिक्का असलेल्या पॅलेटचा सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भाग बदलला, तर जुने शिक्के पुसून पुन्हा प्रक्रिया आणि नवा शिक्का आवश्यक ठरतो. प्लास्टिकला, तसेच प्लायवूड किंवा दाबून बनविलेल्या लाकडाच्या पॅलेटला हे मानक लागू होत नाही.

मग निर्यातीसाठी प्लास्टिकच घ्यावे काय? इथेच परतीचा प्रश्न निर्णायक ठरतो. न्हावा-शेव्याहून जहाजावर चढलेले पॅलेट पुसदला परत येत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये १००० बाय १२०० मिलिमीटरची दहा पॅलेट्स एका थरात बसतात. ती दहाही कायमची जातात. म्हणून एकदाच वापरायचे शिक्क्याचे लाकडी, प्लायवूडचे किंवा मुद्दाम हलके बनविलेले स्वस्त प्लास्टिकचे पॅलेट यांपैकी त्या दिवशी जे स्वस्त पडेल, ते निवडणे शहाणपणाचे. खरेदीदाराची अट नसेल, तर पोती थेट कंटेनरमध्ये रचण्याचा मार्गही असतो. त्यात माल अधिक बसतो. पुढे टिकाऊ प्लास्टिकची किंमत भरून यायला मार्गच उरत नाही.

हिशेब असा करावा

किमतीची नव्हे, तर दर खेपेच्या खर्चाची तुलना करावी. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्याला मिळालेले भाव त्यांच्या जागी घालावेत.

समजा, लाकडी पॅलेट ९०० रुपयांना मिळते, दहा खेपा टिकते, त्या काळात दुरुस्तीला ३०० रुपये लागतात आणि शेवटी जळाऊ म्हणून १०० रुपये येतात. म्हणजे १,१०० रुपयांत दहा खेपा. दर खेपेला ११० रुपये. प्लास्टिकचे पॅलेट ३,००० रुपयांचे, साठ खेपा टिकणारे आणि भंगारात ३०० रुपये देणारे धरले, तर २,७०० रुपयांत साठ खेपा. दर खेपेला ४५ रुपये. प्लास्टिक निम्म्याहून स्वस्त!

आता यात हरवण्याचे प्रमाण मिळवावे. दर खेपेला शंभरांपैकी वीस पॅलेट्स परत आली नाहीत, तर प्लास्टिकच्या पॅलेटला साठ खेपांचे आयुष्य मिळतच नाही. सरासरी पाचच खेपा हाती लागतात आणि दर खेपेचा खर्च सुमारे ६०० रुपयांवर जातो. लाकडाचा खर्च त्याच स्थितीत सुमारे २३० रुपये येतो. याच आकड्यांवर बरोबरी कुठे होते? दर खेपेला शंभरांपैकी केवळ चार पॅलेट्स हरवली की दोन्हींचा खर्च जवळपास सारखा, सुमारे १३० रुपये, होतो. त्याहून अधिक हरवत असतील तर लाकूड, कमी हरवत असतील तर प्लास्टिक. परतीचे भाडे आणि भांडवलावरील व्याज यात अजून धरलेले नाही.

व्याजाचा भागही लहान नाही. बारा टक्क्यांनी ३,००० रुपयांवर वर्षाला ३६० रुपये व्याज होते. वर्षाला २४ खेपा होत असतील, तर खेपेमागे १५ रुपये. पण हंगामी धंद्यात वर्षाला दोनच खेपा होत असतील, तर तब्बल १८० रुपये. साठ खेपांसाठी मग तीस वर्षे लागतील. जे साधन वर्षातून दोनदा हलते, त्याच्या टिकाऊपणाची किंमत मोजण्यात अर्थ नसतो.

रेल्वेचा मुद्दाही याच हिशेबात येतो. पुसदचा माल मुख्यतः रस्त्याने जात आला. पुसदमार्गे आखलेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मालाचे मार्ग बदलले की परतीचे मार्ग आणि भाडेही बदलते. म्हणून आज केलेला हिशेब दोन वर्षांनी पुन्हा तपासावा.

आग आणि पर्यावरण

दोन्ही प्रकार जळतात. मात्र प्लास्टिक वितळून पसरते, अधिक उष्णता देते आणि दाट धूर सोडते. म्हणून अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानके प्लास्टिकच्या पॅलेटवरील मालाला अधिक धोक्याच्या वर्गात धरतात. रुईचे तंतू उडणाऱ्या जिनिंगच्या आवारात रिकाम्या पॅलेटचे डोंगर, मग ते कोणतेही असोत, इमारतीपासून दूरच ठेवावेत आणि पॅलेटचा प्रकार बदलल्यास विमा कंपनीला कळवावे.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही सरळ उत्तर नाही. लाकूड पुन्हा उगवते आणि कुजते, पण बेकायदा तोडीचे असेल तर जंगलावर घाला घालते. प्लास्टिक खनिज तेलापासून येते, पण साठ खेपा टिकले आणि शेवटी पुन्हा वितळवले गेले, तर त्याचा भार विभागला जातो. एका खेपेत हरवलेले प्लास्टिक मात्र दोन्ही दृष्टींनी सर्वांत वाईट.

कोणी काय घ्यावे?

हळदीची पूड बनविणाऱ्या उद्योगाने प्रक्रिया कक्षात आणि कारखान्याच्या आवारात प्लास्टिक वापरावे; ही पॅलेट्स दाराबाहेर जाऊ देऊ नयेत. बाहेर जाणारा माल लाकडी पॅलेटवर हलवावा. त्यासाठी दोन रंग ठरविले की घोटाळा टळतो. ठरावीक एकाच खरेदीदाराकडे दर आठवड्याला माल पाठविणाऱ्या दाल मिलने रिकामी पॅलेट्स परत देण्याचा करार करावा. करार पाळला जात असेल तर प्लास्टिक फायद्याचे ठरते. नवनव्या व्यापाऱ्यांना माल विकणाऱ्याने लाकूडच घ्यावे आणि पॅलेटची किंमत बिलात स्वतंत्र लावावी. मोठ्या शहरांतील गिऱ्हाईक भाड्याच्या पॅलेटची व्यवस्था वापरत असेल, तर विकत घेण्याआधी तो दर विचारावा. बियाणे-खतांच्या गोदामात माल जिथल्या तिथे राहत असेल, तर कोरडी लाकडी चौकट पुरे. खताच्या सांडलवंडीमुळे लोखंडी खिळे गंजतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

सरसकट दोनशे पॅलेट्स एकदम घेण्यापेक्षा दोन्ही प्रकारची दहा-दहा घेऊन, त्यांवर क्रमांक टाकून, एक हंगाम नोंद ठेवावी: कितवी खेप, कोणाकडे गेले, परत आले की नाही, काय मोडले. ही नोंद ठेवायला एक वही आणि ती रोज भरणारा एक माणूस लागतो. हंगाम संपल्यावर त्या वहीतील 'परत आले' हा रकानाच सांगेल की पुढच्या खरेदीचे पैसे सुताराला द्यायचे की प्लास्टिकच्या कारखान्याला.